चार-चारवर सोडलेली मॅच

मोहिगुलला घाम येणं थांबलं होतं.

नमनगान शहरातल्या त्या टेनिस कोर्टावर हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. उंच खुर्चीत छत्रीखाली बसलेल्या अम्पायरच्या नाही, आणि पायऱ्यांवर दाटीवाटीनं बसून सूर्यफुलाच्या बिया फोडणाऱ्या चारशे माणसांच्या तर नाहीच नाही. लक्षात आलं ते एकट्या सानोबरच्या, कारण ती जाळीच्या पलीकडून खेळत होती. टेनिस खेळणारी बाई समोरच्या बाईकडे जितकं निरखून बघते, तितकं नवरा जन्मभरात बायकोकडे बघत नाही.

दुसऱ्या सेटमध्ये पोरीचा शर्ट पाठीला चिकटलेला होता. आता तो सुकून पांढऱ्या मिठाच्या रेघांनी कडक झाला होता. चेहरा लाल, आणि ओठांभोवती मात्र खडूसारखा रंग. जूनचा शेवट, दुपारचे दोन, खाली तापलेलं सिमेंट. बुटांचे तळवे मऊ पडून कोर्टाला चिकटत होते. अशात ज्याला घाम येत नाही त्याच्या आत काय चाललंय, हे समजायला डॉक्टर लागत नाही.

तिसरा सेट, तीन-तीन. सर्व्हिस सानोबरची.

ही उपांत्य फेरी होती आणि सानोबरला ती जिंकायचीच होती. वय अठ्ठावीस. चौदा वर्षं बसच्या मागच्या सीटवर झोपून, हॉटेलच्या बेसिनमध्ये कपडे धुऊन, अंदिजानपासून अंताल्यापर्यंतच्या कोर्टांवर घासल्यावर पहिल्यांदाच न्यूयॉर्कच्या पात्रता फेरीचं दार किलकिलं झालं होतं. आजचा विजय मिळाला की तिचं नाव यादीत जाणार. नाही मिळाला तर पुढच्या वर्षी घोटा तिला साथ देईल का, हे तिचं तिलाच माहीत होतं.

तो घोटा ज्याच्यामुळे गेला तो माणूस आत्ता तिसऱ्या पायरीवर बसला होता. तुर्गुन-अका, म्हणजे तुर्गुनदादा. मोहिगुलचा बाप आणि तिचा कोच. सानोबर सोळा वर्षांची असताना तो तिचाही कोच होता. फरगानाला एका मॅचमध्ये तिचा पाय मुरगळला, हाडातून आवाज आला. तिनं पायऱ्यांकडे बघितलं, तर ह्यानं मूठ आवळून स्वतःच्या गुडघ्यावर दाबून धरलेली. त्याची खूण होती ती. धर. सोडू नकोस. तिनं धरलं. जिंकली पण. हाड वाकडं जुळलं ते जुळलंच. नंतर तो सगळ्यांना कौतुकानं सांगायचा, "माझी पोर कोर्टातून दोनच प्रकारे बाहेर येते, एकतर जिंकून नाहीतर हरून. मधला प्रकार आमच्याकडे नाही." मधला प्रकार म्हणजे मॅच अर्धवट सोडणं. सानोबरनं तीन वर्षांनी त्याला सोडलं, पण मॅच आजवर एकही सोडली नव्हती. शिव्या देऊन घराबाहेर पडलेल्या पोरी बापाचीच चाल चालतात, तसलं काहीतरी.

आता तीच मूठ तिसऱ्या पायरीवर, त्याच गुडघ्यावर होती.

सानोबरनं ठरवलं, लवकर संपवायचं. सगळा जोर लावून सर्व्हिस टाकायची, पोरीला पळवायचंच नाही. पहिला चेंडू कोपऱ्यात पडून निघून गेला. मोहिगुल जागची हलली नाही. चेंडू मागच्या जाळीवर आपटला आणि मग ती धावली. चेंडू मेल्यावर, तीन पावलं, रॅकेट उगारून.

पायऱ्यांवर हशा पिकला.

"अगं पोरी, बस गेली, आता कुठे धावतेस!" कुणीतरी ओरडलं.

पुढचे तीन गुण सानोबरनं असेच घाईनं मारून घेतले, आणि प्रत्येक वेळी पोरगी उशिरा, नसलेल्या चेंडूमागे धावली. चार-तीन. बाजू बदलायची वेळ.

ती खुर्चीकडे न जाता सरळ अम्पायरकडे गेली. अल्माटीहून आलेला तरुण, नाकावर पांढरं मलम थापलेलं.

"तिला बरं नाहीये. डॉक्टरला बोलव."

"ती काही बोलली का?"

"ती नाही बोलणार. मी बोलतेय."

"तू तुझ्या खुर्चीत बस ना, प्लीज." आवाज खाली आणून तो म्हणाला, "चार-तीननं पुढे आहेस. कशाला?"

तरी त्यानं मोहिगुलला विचारलं, एवढं त्याच्या पदरात टाकायला हवं. "ठीक आहेस?" पोरीनं आधी तिसऱ्या पायरीकडे बघितलं. मूठ. "ठीक आहे," ती म्हणाली. जीभ टाळ्याला चिकटल्यासारखा शब्द आला.

अम्पायरनं फिजिओला खूण केली. राणो-ओपा, म्हणजे राणोताई, पिशवी घेऊन तरातरा आली. पन्नाशीची, दणकट, आख्ख्या फरगाना खोऱ्यातल्या खेळाडूंचे पाय हिनं चोळलेले. तिनं बर्फात बुडवलेला टॉवेल पोरीच्या मानेवर ठेवायला हात पुढे केला, आणि तुर्गुन-अका उभाच राहिला.

"बर्फ नको! राणो, खबरदार! तापलेल्या अंगाला गार लावतात का? मूत्रपिंडं गारठतील पोरीची! लग्न व्हायचंय तिचं!"

"अका, तुम्ही खाली बसा—"

"चहा दे तिला. थर्मास आहे बघ खुर्चीखाली. गरम घोट गेला की घाम सुटेल, घाम सुटला की अंग आपोआप निवेल. माझ्या आजोबांनी उन्हात कापूस वेचलाय आयुष्यभर, चहावर!"

पायऱ्यांवरच्या बायकांनी माना डोलावल्या. डोलावणारच. ह्या खोऱ्यात पोटच्या पोराला विंचू चावला तर एकवेळ आई शांत राहील, पण पोरानं उन्हातून येऊन फ्रिजमधलं पाणी प्यायलं तर किंचाळेल. सानोबर ह्याच चहावर वाढली होती. गार पाण्यानं घसा जातो, गार फरशीनं कूस जाते, पंख्याच्या वाऱ्यानं मान जाते. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. उन्हानं माणूस जातो, एवढंच कुणाला ठाऊक नसतं.

मोहिगुलनं टॉवेल हातानं बाजूला सारला. राणोनं तिचा हात धरायचा प्रयत्न केला, तर पोरीनं तोही झटकला. अम्पायरनं मान खाली घालून टिपून घेतलं: खेळाडूनं उपचार नाकारले. झालं. नियम सुखरूप राहिला.

पोरीनं थर्मासच्या झाकणातून चहा प्यायला. अर्धा हनुवटीवरून सांडला. ती थरथरत होती. त्या उन्हात, थंडी भरल्यासारखी.

"झुराब!" सानोबरनं कोर्टाच्या कडेला तुतीखाली बसलेल्या निरीक्षकाला हाक मारली. आख्ख्या स्पर्धेचा तो प्रमुख, तिबिलिसीचा माणूस. "बघताय ना? थांबवा हे!"

त्यानं बाजूच्या तिवईवरचं उष्णतेचं यंत्र बोटानं दाखवलं. "अजून मर्यादेच्या खाली आहे."

"सावलीत ठेवलंय ते तुम्ही! तुतीखाली! आम्ही काय तुतीखाली खेळतोय?"

"डॉक्टर सकाळच्या मॅचमध्ये कोसळलेल्या एका पोराला घेऊन हॉस्पिटलात गेलेत. येतीलच. तोवर पोरगी उभी आहे, बोलतेय. मी कोण थांबवणारा?"

निरीक्षक, आणि वर विचारतो मी कोण. असल्या माणसांना पगार नक्की कशाचा मिळतो, हे त्यांच्या बायकांनासुद्धा सांगता येणार नाही.

"वेळ संपली," अम्पायर म्हणाला.

सर्व्हिस मोहिगुलची. ती चेंडू हवेत उडवायची आणि तो भलत्याच ठिकाणी जायचा. मग ती पुन्हा उडवायची. सानोबरच्या डोक्यात गणित फिरत होतं. जिंकायचं तर निदान अजून दोन गेम, आणि पोरगी तर मेलेल्या चेंडूमागेही धावतेय. मग उलटं करू. हरून टाकू पटकन. चेंडू जाळीत घालू, तिला हलावंच लागणार नाही.

तिनं चेंडू जाळीत मारला. दुसरा पण. हात स्वतःचा वाटत नव्हता. न्यूयॉर्क, न्यूयॉर्क, असं कानात काहीतरी ठणकत होतं आणि ती एकेक चेंडू ओळीनं जाळीत पुरत होती. शेवटच्या रांगेत टोपीवाला एक माणूस बसला होता, मोबाइल छातीशी धरून. तो प्रत्येक गुणाला अंगठा हलवायचा. सगळ्या छोट्या स्पर्धांना हा माणूस असतो. चेहरा वेगळा असतो, अंगठा तोच. कुठेतरी लांब कुणीतरी पलंगावर लोळत सानोबरवर पैज लावून बसलेलं असतं, आणि हा त्याला सांगतो. चौथा चेंडू जाळीत गेल्यावर टोपीवाल्यानं मान वर करून सानोबरकडे नीट बघितलं.

चार-चार.

पण गेम संपायलासुद्धा किती वेळ गेला होता! पोरगी दर सर्व्हिसला दहादहा वेळा चेंडू आपटत होती, विसरत होती, पुन्हा आपटत होती. हरायचं म्हटलं तरी अजून दोन गेम. हरणंसुद्धा लांब होतं.

आता सर्व्हिस सानोबरची. ती रेघेवर आली. समोर बघितलं.

मोहिगुल सर्व्हिस घ्यायला उभी होती, तयारीत, गुडघे वाकवून, रॅकेट दोन्ही हातांत. फक्त तिचं तोंड मागच्या कुंपणाकडे होतं.

पायऱ्यांवर कुणी हसलं नाही आता. तुर्गुन-अकाची मूठ गुडघ्यावरच होती. सानोबरनं त्याच्याकडे बघितलं. त्यानंही बघितलं. त्याचे डोळे भ्यालेले होते, स्वच्छ दिसत होतं, आणि मूठ तशीच. माणूस घाबरलेला असतानाही मूठ सोडू शकत नाही, हे तिला सोळाव्या वर्षी कळलं असतं तर.

तिनं चेंडू खिशात घातला आणि अम्पायरच्या खुर्चीकडे चालत गेली.

"मी मॅच सोडतेय."

"काय?"

"मॅच सोडतेय. सांग माईकवर."

"काय झालंय तुला?"

"पोटरी." तिला हेच पहिलं सुचलं. "पोटरी गेली."

"फिजिओ बोलावू? तीन मिनिटं मिळतात—"

"अरे सांग ना माईकवर!"

त्यानं सांगितलं. टाळ्या, शिट्ट्या. गावचीच पोरगी अंतिम फेरीत गेली होती. सानोबर जाळी ओलांडून थेट पलीकडे गेली, कारण मोहिगुल अजून कुंपणाकडे तोंड करून उभी होती. तिनं पोरीचा हात हातात घेतला. तंदूरमधून आत्ता काढलेल्या नानसारखा. कोरडा आणि चटका देणारा.

"ओपा," मोहिगुल म्हणाली, "सर्व्हिस कुणाची?"

आणि तिचे पाय गेले.

त्यानंतर सानोबरनं काय केलं ते चारशे माणसांनी बघितलं आणि निम्म्यांनी मोबाइलवर टिपलं. तिनं पोरीला उचललं, खांद्यावर टाकलं आणि धावली. कोर्टाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, खोबऱ्यासारख्या पांढऱ्या रेघा तुडवत, अशी धावली, जशी मॅचमध्ये दिवसभर धावली नव्हती. पायऱ्यांमागे बर्फानं भरलेलं मोठं पिंप होतं. संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी त्यात खरबुजं गार करायला ठेवलेली. राणो तिच्याआधी पोचली आणि दोन्ही हातांनी खरबुजं बाहेर फेकायला लागली. ती फरशीवर आपटून फुटत होती, आणि आयोजकांपैकी एकजण खरंच म्हणाला, "अहो, ती हाकिमसाहेबांसाठी आहेत!"

"त्याला बिया चोखायला दे!" राणो म्हणाली.

तुर्गुन-अका आडवा आला. "बर्फात नको! मारशील तिला! सानोबर, बर्फात नको, पाया पडतो तुझ्या!"

"बाजूला व्हा, अका."

"गारठून मरेल ती!"

"ती भाजून मरतेय! हात लावून बघा तुमच्या पोरीला! आयुष्यात एकदा हात लावून बघा, नुसती मूठ काय दाखवताय!"

त्यानं हात लावला. कपाळाला. आणि झटक्यात मागे घेतला, कढईला लागल्यासारखा. मग तो बाजूला झाला. राणो आणि सानोबरनं मिळून पोरीला मानेपर्यंत बर्फात बसवलं.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर बाकावर ती बसली होती, अजून खेळाच्याच कपड्यांत. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन सांगून गेली होती: शुद्ध आली, नाव सांगतेय, वाचली. आणखी थोडा वेळ बाहेर राहिली असती तर मी इथे वेगळं काहीतरी सांगत असते. बर्फात कुणी घातलं? अक्कल होती त्याला. तुर्गुन-अका समोरच्या बाकावर थर्मास मांडीवर घेऊन गोठल्यासारखा बसला होता. अक्कल हा शब्द त्यानं ऐकला, पण मान वर केली नाही.

उद्याची अंतिम फेरी मोहिगुल खेळणार नव्हतीच. चषक न खेळता दुसऱ्या उपांत्य फेरीतून आलेल्या तिसरीलाच मिळणार होता. इतक्या आटापिट्यातून ह्या दोघींपैकी कुणाला काही मिळालेलं नव्हतं.

मग झुराब आला. हातात मोबाइल.

"पोटरी कशी आहे?" त्यानं विचारलं.

सानोबरनं पाय बाकाखाली ओढून घेतले.

त्यानं मोबाइल तिच्यासमोर धरला. त्यात ती धावत होती, खांद्यावर पोरगी. "छान धावतेस. एक लाख लोकांनी बघितलंय आत्तापर्यंत. लोक टाळ्या देतायत, पण वरून मला फोन आलाय. चार चेंडू ओळीनं जाळीत. मग अचानक पोटरी. मग ही अशी धाव. ह्याला पैजेच्या धंद्यात काय म्हणतात, मी सांगायला नको. मी अहवालात काय लिहू?"

"लिहा, पोरगी मरत होती."

"तिनं उपचार नाकारले होते. अम्पायरला ठीक आहे म्हणाली. नोंद आहे."

"आणि तुमचं यंत्र तुतीखाली होतं, त्याची नोंद आहे?"

त्याचा चेहरा हलला. "आवाज चढवून काही होणार नाही. समोरची आजारी आहे हे तुला एकटीलाच दिसलं, असं तू म्हणतेस. चारशेजण बसले होते. तुझ्यावर बंदी येऊ शकते, कळतंय? वर्षानुवर्षांची."

कळत होतं. तिला हेही कळत होतं की ह्या माणसाला चोर हवा आहे. चोर सापडला की तुती, यंत्र, गायब डॉक्टर, सगळं त्याच्या नावाखाली गाडता येतं. न्यूयॉर्क तर गेलंच होतं, यादी लागेल तेव्हा तिचं नाव त्यात नसेल, ते तिनं रेघेवर उभी असतानाच सोडलं होतं. पण चोर? चौदा वर्षं एकही मॅच न सोडलेली बाई, पहिली सोडली ती चोर म्हणून?

झुराब तुर्गुन-अकाकडे वळला. आवाज एकदम मऊ. "अका, तुम्ही बाप. तुम्ही कोच. तुम्ही तर सगळ्यात जवळून बघत होतात. तुम्हाला कोर्टावर काही वावगं दिसलं होतं का? नसेल दिसलं तर नाही म्हणा. तुम्हाला कुणी दोष देणार नाही."

सानोबरनं डोळे मिटले. बाप सुटत होता. एक 'नाही' म्हटलं की पुरे, मग त्यानं मूठ दाखवली नव्हती, त्यानं बर्फ अडवला नव्हता, तो फक्त एक बिचारा बाप होता. उद्यापासून पुन्हा त्याची टेनिसची अकादमी, पुन्हा शिकायला पोरी. आणि हा माणूस कधी चुकलो म्हणालेला तिला माहीत नव्हता.

तिनं डोळे उघडले तर मूठ गुडघ्यावर होती. आवळलेली, पांढरी पडलेली.

आत कुठेतरी कुणीतरी खोकलं.

"दिसलं होतं," तुर्गुन-अका म्हणाला.

"म्हणजे? नीट सांगा. काय—"

"दिसलं होतं म्हणतोय ना! दुसऱ्या सेटपासून. पावलं चुकत होती तिची. बाप आहे मी, आंधळा नाही." त्यानं पुढे म्हटलं, "ती माझ्याकडे बघायची, मी धर म्हणायचो. टॉवेल मी नको म्हटलं. राणोला विचार, अख्ख्या गावाला विचार. लिही. ह्या पोरीनं सोडलं नसतं तर मी काही थांबवणार नव्हतो. हेही लिही. माझ्या नावासकट."

झुराबनं मोबाइल खिशात घातला. तो लिहील की नाही, आणि लिहिलं तर वर कुणी वाचेल की नाही, हे सानोबरला कळायला मार्ग नव्हता. चौकशी व्हायची ती होणारच होती. तो जिना उतरून गेला, बूट वाजवत.

मूठ उघडली होती. तळहातावर नखांच्या चार खुणा.

तुर्गुन-अकानं सवयीनं थर्मासचं झाकण फिरवलं, चहा ओतला आणि तिच्यापुढे धरला. वाफ निघत होती.

सानोबरनं त्या झाकणाकडे बघितलं. सोळाव्या वर्षी, मोडलेल्या घोट्यावर शाल बांधून, ह्याच हातून तिनं हाच चहा घेतला होता.

"अका," ती म्हणाली, "मला गार पाणी हवंय. बर्फाचं."

त्यानं तोंड उघडलं. घसा, कूस, मूत्रपिंडं, सगळं त्याच्या ओठांपर्यंत आलेलं तिला दिसलं. मग त्यानं चहा खिडकीतल्या कुंडीत ओतून टाकला, गुडघ्यांवर हात टेकून उठला, आणि खाली फाटकाशी पाणी विकणाऱ्या बाईला हाका मारत जिना उतरायला लागला.